लोणारचा चढ आणि एकशे ब्याण्णव ठोके

देऊळगाव राजाच्या स्टँडवर एसटी दहा मिनिटं थांबली, पण मी उतरले नाही. माझं गाव तिथून अर्ध्या तासावर. आई या वेळी फडक्यात भाकर बांधून कापूस वेचायला निघाली असेल, हे मला खिडकीशी बसून दिसत होतं. शेजारच्या बाईनं कुठं जायचं विचारलं. लोणारला, सरोवर बघायला, म्हटलं. एकटीच? एकटीच. तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

जन्म याच जिल्ह्यातला, पण लोणार मी पाहिलेलं नव्हतं. पुण्यात ऑफिसात कुणी विचारलं की "पाहिलंय ना" असं ठोकून द्यायची. ते खोटं खरं करावं, हे एक कारण. दुसरं कारण मनगटावर होतं.

ऑफिसातली मंडळी महिन्यातून एकदा किल्ला चढायला जातात. माझ्या तिसऱ्या किल्ल्यावर, निम्म्या चढातच, घड्याळानं नाडीचे ठोके मिनिटाला एकशे पंच्याऐंशी दाखवले. बाकीच्यांचे एकशे तीस-चाळीस, आणि ते गप्पा मारत चढत होते. मी दगडावर बसले. खाली आल्यावर गटप्रमुखानं अगदी गोड शब्दांत सांगितलं, पुढच्या वेळी डॉक्टरांचं पत्र आणा. पुढच्या वेळी मला कुणी बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बी.एस्सी., रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी. हे मी न विचारताही सांगते. तेव्हा सवयीप्रमाणे वाचून काढलं. चढताना ठोके सगळ्यांचेच वाढतात, पण धास्ती असली, कॉफी जास्त झाली, अंगात पाणी कमी पडलं, ताप असला, झोप नसली तर फारच वाढतात. आणि हृदयातच दोष असला तरी वाढतात. मी कॉफी सोडली. पाणी वाढवलं. घड्याळ खोटं बोलत असेल म्हणून पट्टा आवळला, मग गळ्याशी दोन बोटं ठेवून स्वतः मोजलं. घड्याळ खरं होतं. एवढं सगळं केलं, फक्त डॉक्टरकडे गेले नाही. हृदयात दोष आहे म्हणतील, ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती होती, काहीच दोष नाही म्हणतील. म्हणजे मग माझ्यात दमच नाही. जसा आईत नाही.

आईला गावात 'बसकी' म्हणतात. मानेवर जू ठेवलं की खाली बसणारा बैल तो बसका, त्यावरून. कापसाची एक पात (वेचायची ओळ) झाली की ती छाती धरून धुऱ्यावर (बांधावर) बसायची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत मीही वेचायला गेले होते. बाया पुढं निघून गेल्या, आई मागं बसलेली, कुणीतरी हसलं. मला फार लाज वाटली. मी म्हटलं, "ऊठ ना आई. खरंच बसकी आहेस तू."

ती उठली.

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. वडील गेल्यापासून ती घरात एकटी असते. फोनवर एकच प्रश्न ठरलेला: "गमते का तुले तिथं?" (करमतं का). मी हो म्हणते.

तर मनाशी ठरवलं होतं ते असं. लोणारला खाली उतरायचं आणि न बसता वर यायचं. बघायला कुणी ओळखीचं नाही. जमलं तर घरी आईकडे जायचं. नाही जमलं तर परस्पर पुणे.

सिंदखेड राजा मागं पडलं तशी गाडी रिकामी होत गेली. दोन्ही बाजूंना तुरी शेंगांनी वाकलेल्या, मध्येच कपाशीचं पांढरं रान, आणि रानात पाठीला ओटे (वेचलेला कापूस भरायच्या झोळ्या) बांधलेल्या बाया. बीबीच्या पुढं माझ्या बाकावर मी एकटीच उरले. लोणारात लॉज सापडला. मॅनेजरनं किती माणसं विचारलं, एक म्हटलं, तर दोन खाटांची खोली उघडून दिली आणि जाताना एक उशी काखेत मारून घेऊन गेला. संध्याकाळी भरीत-भाकरी मागवली. भूक कधीच फारशी नसते. निम्मी ठेवली आणि वर दोन कप चहा घेतला.

सकाळी उजाडताच निघाले. कड्यावर आलं की जमीन एकाएकी संपते आणि खाली गोल, हिरवट, हलायचं नाव न घेणारं पाणी दिसतं. आकाशातून दगड पडला आणि हे झालं, एवढं शाळेत पाठ केलेलं. पाठ केलेलं आणि पाहिलेलं यांत किती अंतर असतं ते तिथं उभं राहून कळलं. जवळ कुणी असतं तर "बघ" म्हटलं असतं. धारेवर (अखंड वाहणाऱ्या झऱ्यावर) बाया आंघोळी करत होत्या. तिथून खाली उतरले. बाभळी, सीताफळी, कुठंतरी मोर ओरडतोय, वानरं वरून निवांत बघताहेत. पाणी जवळ आलं तसा खारट, कुजका वास आला.

कमळजा देवीच्या देवळाजवळ कौसाबाई नावाची म्हातारी नारळ आणि ओटीचं सामान घेऊन बसली होती. तिच्याकडून नारळ घेतला, देवीपुढं फोडला. वाटायला कुणी नव्हतं. अर्धी वाटी कौसाबाईला दिली.

मग चढ. पहिल्या वळणाला एकशे पन्नास. दुसऱ्याला एकशे बाहत्तर. बसायचं नाही, बसायचं नाही, असं पावलागणिक म्हणत होते. कानात शिट्टी वाजायला लागली. घड्याळावर एकशे ब्याण्णव दिसलं, त्याच्या कडेनं काळं झालं, आणि मी सीताफळीच्या बुडाशी बसले.

कौसाबाई मागून आली. नारळ संपले म्हणून सकाळीच परत निघाली होती. डोक्यावर टोपलं आणि श्वास असा, जसा घरात बसलेल्या माणसाचा.

"काऊन बसली वं बाई?"

घड्याळ बघतेय, म्हटलं.

"घड्याळ कायले पाह्यतं? आपलं तोंड पाह्य. पांढरं फट पडलं." तिनं टोपलं उतरवलं, बाटलीतलं पाणी पाजलं आणि न विचारता माझ्या डोळ्याखालची पापणी अंगठ्यानं ओढली. "तुह्या आंगात रगतच नाही, माय."

तिच्या सुनेचं बाळंतपणात असंच झालं होतं. दवाखान्यातल्या सिस्टरनं पापणी ओढून दाखवली, तेव्हापासून ही येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पापण्या बघते. गावात हसतात तिला. मी म्हटलं, मला वाटलं होतं माझ्यात दमच नाही.

"दम हाय म्हनून तं इथलोक आली," ती म्हणाली. "रगत नाही म्हनून बसली."

दहा पायऱ्या चढायच्या आणि बसायचं, असं करत तिनं मला वर आणलं. प्रत्येक वेळी टोपलं उतरवून तीही बसायची. सरकारी दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं आणि घरी गाय सोडायची आहे म्हणत निघून गेली.

आत खिडकीवरच्या कारकुनानं सोबत कोण आहे विचारलं. कोणी नाही म्हटलं. त्यानं त्या रकान्यात आडवी रेघ मारली. ईसीजी काढला, रक्त घेतलं, आणि मी बाकावर दुपारपर्यंत बसले. डॉक्टरीण माझ्याच वयाची. हृदयाची पट्टी चांगली आहे म्हणाली. हिमोग्लोबिन मात्र सात, जे बाराच्या वर हवं. पाळी किती दिवस चालते, तिनं विचारलं. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आठ दिवस, म्हटलं.

"हे बघा," ती म्हणाली, "घागर अर्धीच भरत असली तर रांजण भरायला खेपा दुप्पट लागतात. तुमचं हृदय खेपा घालतंय. चूक त्याची नाही."

रक्त कशानं कमी झालं ते पुण्यात नीट तपासून घ्या, गोळ्या चुकवू नका, गोळीवर चहा नको, आणि रक्त भरेपर्यंत चढ बंद, असं तिनं सांगितलं. कागद देता देता सहज विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का? "आई बसते," एवढंच म्हटलं. तिला काय कळलं असेल कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी देऊळगाव राजाला मी उतरले.

आई दारातच घाबरली, काऊन आली अशी एकाएकी, म्हणून. मी सगळं सांगितलं आणि तिची पापणी ओढली. आत धुतलेल्या फडक्यासारखं पांढरं होतं. गोळ्यांचं नाव काढलं तर तिनं फळीवरून पत्र्याचा डबा काढला. गावच्या आशा सेविकेनं वेळोवेळी दिलेल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या, पानंच्या पानं, तशाच. "गरम पडते त्या," ती म्हणाली. मी काय रागवणार? शाळेत बाई दर सोमवारी लोहाची गोळी द्यायच्या, ती जिभेखाली धरून भिंतीमागं थुंकणाऱ्या पोरींची मॉनिटर मीच होते. पुढं त्याच लोहाची समीकरणं सोडवून प्रथम श्रेणी मिळवली.

सोमवारी तिला तालुक्याला तपासायला न्यायचं ठरलं. रविवारी घरी थांब म्हटलं, पण बोंडं फुटली होती, ती ऐकेना. मीही गेले. अर्धी पात झाली असेल, तिचा हात छातीकडे गेला. तिनं पुढच्या बायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वाकली.

मी धुऱ्यावर जाऊन बसले. आधी मी. पदराला धरून तिलाही बसवलं.

"दोघी मायलेकी बसक्या झाल्या वं," पुढून एक काकू ओरडली. बाया हसल्या.

"हो काकू," मी म्हटलं, "इकडं या, तुमचीही पापणी बघते." काकू आली नाही. मी आईच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत मोजू लागले. नुसती बसलेली होती, तरी एकशे अठरा. एवढ्या खेपा घालत तिनं मला शिकवलं होतं. मी जे बोलले होते त्याची माफी मागायचं मनात होतं, ती न मागता पुन्हा एकपासून मोजायला लागले. तिनं मनगट काढून घेतलं नाही.

सोमवारी तिचं हिमोग्लोबिन माझ्याहून कमी निघालं. दवाखान्यात ठेवून घेतलं; ती सावरेपर्यंत मी थांबले. मग पुण्याला आले. लोणार पाहिलं का, कुणी विचारलं तर आता खरं सांगता येतं. अजून कुणी विचारलेलं नाही. किल्ल्याला मंडळी जातात, मी संध्याकाळी सपाट रस्त्यावर हळू चालते, दम लागला की कठड्यावर बसते.

काल फोन केला. गोळी घेतली का, तिनं विचारलं. तू घेतली का, मी विचारलं. मग तिनं नेहमीचं विचारलं.

"नाही गमत, आई," मी म्हटलं.



"मलेही नाही गमत," पलीकडून ती म्हणाली.