खाजणातली लावणी

त्या प्रकरणाची आठवण आली की आजही आधी मला माझंच हसू येतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी भाईंदरला नवा फौजदार. पूर्वेला तेव्हा भातशेती, मिठागरं आणि खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. प्लॉट पाडणारे नुकते हिंडू लागले होते. एका विधवा आजीने तक्रार दिली की, स्टेशनजवळचा एक दलाल तिच्या शेताचं कूळ म्हणून हक्क सांगतोय. जमीन कसायला दिल्याचा कागद त्याच्याकडे होता, त्यावर तिच्या मयत नवऱ्याची सही. कागद खरा ठरला तर आजीचं एकुलतं एक शेत हातचं जाणार होतं.

सही तपासायला पाठवली. उत्तराला महिने लागणार. तेवढ्यात मिठागरावरचा एक रत्नागिरीकडचा मजूर ठाण्यात येऊन हळूच सांगून गेला, "साहेब, त्याच्या पायाला चिखल लागलेला मी तरी कधी बघितला नाही."

दलालाला बोलावलं, आजीलाही कागदांवर सही घेण्यापुरतं समोर बसवलं. गडी तयारीचा होता. शेत कसं कसतोस म्हटल्यावर घडाघडा बोलला, "पावसात रोपं उपटतो, चिखलणी करतो, लावणी करतो. सात वर्षं स्वतः करतोय."

मी घाटावरचा. भात म्हणजे लावणी, एवढंच मला ठाऊक. तो सांगेल तसा जबाब लिहीत होतो, तोच आजी फिसकन हसली.

"काय झालं, आजी?"

"सायेब, आमचे खाजनान लावनी करीत न्हाय. मोड आलेला भात चिखलान फेकतान. यो कंचा शेतकरी हाय?"

दलालाचा चेहरा उतरला. गावातल्या दोन शेतकऱ्यांनीही तेच सांगितलं. मग त्याने कागद लिहिणाऱ्याचं नाव ओकलं. त्या लिहिणाऱ्याच्या घरी पंचांसमक्ष झडती घेतली, तर सही गिरवल्याचे कागदच सापडले.

कलमं मला तोंडपाठ होती, तरी मी फसलोच होतो. त्यानंतर फिर्यादीला नुसतं सहीपुरतं कधी बोलावलं नाही.

काही वर्षांनी आजीने शेताचा तुकडा कोकणातल्या कामगार कुटुंबांना घरांसाठी दिला. मी हळहळलो, तर म्हणाली, "कोनी लुबाडला न्हाय, सायेब. माझा हाय, म्हनून मी देतंय."

आज तिथे इमारती आहेत. शेतं गेली म्हणून लोक उसासे टाकतात. त्या एका शेतासाठी मला वाईट वाटत नाही.