गोठ्यात थांबलेल्या दोघी

आमच्या घरी म्हशी चार आणि त्यांचं सगळं बघणारी आई एकटी. शेण, वैरण, पाणी, दोन्ही वेळच्या धारा. कुठली म्हैस कशानं फुगते, कुठली पेंड समोर आल्याशिवाय पान्हा सोडत नाही, हे तिला तोंडपाठ. माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, म्हशीतलं कळायचं ते एवढंच, की आज डेअरीत दूध किती गेलं आणि फॅट किती लागली. पण म्हैस आजारी पडून डॉक्टर आले, की म्हशीचे मालक दादा!

आणि आई? आई आत. मीही आत. आमच्या गडमुडशिंगीच्या गल्लीत तशी रीतच होती. डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा मोजा हातात चढवला, की बायकांनी गोठ्यात थांबायचं नाही. बरं दिसत नाही म्हणे. अहो, व्यालेल्या म्हशीचं मागचं सगळं रोज आमच्याच हातांनी धुवायचं, वार पडली का ते आम्हीच बघत बसायचं, ते बरं दिसतं. आणि परका पुरुष आला की एकदम दिसेनासं होतं. मला तेव्हाही याचा संताप यायचा आणि आजही येतो.

मी नववीत असताना या रीतीपायी आमचं एक रेडकू गेलं. म्हैस अडली होती. दादांनी कट्ट्यावरनंच डॉक्टरांना फोन लावला. कळा कधीपासनं, असं तिकडनं विचारल्यावर दादांनी ठोकून दिलं, "आत्ताच की, सकाळधरनं." डॉक्टर म्हणाले, मग दुपारपर्यंत वाट बघू. कळा खरं तर आदल्या दिवसापासनं चालू होत्या. आईनं धावत येऊन सांगितलं, तर दादा म्हणाले, "आता सांगितलंय न्हवं एकदा. परत काय फोन करायचा?" दुपारी डॉक्टर आले तोवर रेडकू पोटातच मेलं होतं. म्हैस वाचली, पण आई दोन दिवस जेवली नाही. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही म्हणून गप्प बसली, हेच तिला खात होतं.

पुढच्या वर्षी माझी दहावी झाली. मार्क चांगले पडले. दादांनी आर्ट्सचा फॉर्म आणून टीव्हीवर ठेवला. बारावी, मग डी.एड., मग स्थळ. माझी तक्रार नव्हती. खरंच नव्हती! शिकलेली बाई म्हणजे शाळेतली बाई नाहीतर दवाखान्यातली नर्स, एवढंच मी बघितलेलं. म्हशीत माझा जीव होता, पण तो सासरी धारा काढायला उपयोगी पडेल, याच्या पलीकडे माझी अक्कल पोचत नव्हती.

फॉर्म भरायच्या आदल्याच दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, दुसरी म्हैस अडली. दादांनी फोन केला. अर्ध्या तासात स्कूटीवरनं एक बाई आल्या. पायात गमबूट, डोक्याला रुमाल. नव्यानंच बदली होऊन आल्या होत्या. दादांनी त्यांच्या मागं रस्त्यावर बघितलं आणि विचारलं, "डॉक्टर मागनं येत्यात व्हय?"

"मीच डॉक्टर. म्हैस कुठाय?"

त्यांनी मोजा चढवला, आणि मग जे झालं ते आठवून मी अजून हसते. दादा, चुलते, शेजारचे दोघं, सगळे अवघडले. बाईमाणसानं म्हशीत खांद्यापर्यंत हात घातलाय, हे उभं राहून बघायचं कसं? चुलते तंबाखू मळत सटकले. शेजारचे त्यांच्या मागं. दादा जरा वेळ पत्र्याकडं बघत राहिले आणि "कायतर लागलं तर हाक मारा" म्हणून तेही रस्त्यावर गेले. आम्हाला आत जा म्हणायला कुणी उरलंच नाही.

"कळा कधीपासनं?" मॅडमनी विचारलं.

आईनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "काल दिवस मावळायच्या आधीपासनं. मधी थांबल्या, पहाटं परत धरल्या. पाणमोट फुटून दोन तास झालं." दिवस किती भरले तेही तिनं बोटांवर मोजून सांगितलं.

मॅडमनी मान वर करून तिच्याकडं नीट बघितलं. "वहिनी, असं सांगणारं माणूस मला कुठंच भेटत नाही हो."

आईचा चेहरा मला अजून दिसतो. घरात तिला असं कधी कुणी म्हटलंच नव्हतं.

रेडकाची मान मागं वळली होती. मॅडमनी गाल म्हशीच्या मांडीला टेकवला, डोळे मिटले आणि आतल्या आत चाचपत राहिल्या. हाताला काय लागतंय ते आम्हाला सांगत होत्या. हा जबडा, हा कान, आता मागं ढकलते, आता वळवते. घामानं शर्ट भिजला होता. मान सरळ झाल्यावर त्यांनी पुढच्या पायांना दोरी बांधली. "कळ आली की ओढायचं, कळ गेली की थांबायचं," म्हणाल्या. आईनं आणि मी दोरी धरली. चौथ्या कळेला रेडकू बाहेर आलं, पण हलेना. मॅडमनी त्याचं नाक पुसलं, मूठभर कडब्यानं खसाखसा चोळलं, आणि ते शिंकलं. रेडी होती. मी इतक्या जोरात ओरडले की दादा रस्त्यावरनं पळत आत आले, मागोमाग चुलते आणि शेजारचेही.

"हे कुठं शिकवतात?" मी मॅडमना विचारलं.

"आधी सायन्स घे, बायॉलॉजी ठेव. मग व्हेटर्नरी कॉलेज." कुठली बस कुठं जाते ते सांगावं, इतक्या सहज त्या म्हणाल्या.

आईचे हात अजून भरलेलेच होते. ती दादांना म्हणाली, "त्यो आर्ट्सचा फॉर्म फाडा. पोरगी सायन्सला जाणार."

"काय तरीच काय! म्हशीत हात घालणाऱ्या पोरीला करून कोण घेणार?"

"तुमी रस्त्यावर थांबला हुता. आमी हितं हुतो. काय बघायचं ते आमी बघितलंय."

परक्या बाईसमोर, दिरासमोर, शेजाऱ्यांसमोर तिनं हे सांगितलं. पुढं आठ दिवस घरात नुसतं रणकंदन. शेवटी दादाच कॉलेजच्या रांगेत उभे राहिले. हल्ली डेअरीत कुणी नवीन पावणं दिसलं, की विचारायच्या आधी सांगतात, "आमची पोरगी डॉक्टर हाय, जनावरांची."

आता याच भागात माझी नोकरी आहे. गोठ्यात शिरल्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला, "धारा कोण काढतं?" मग स्वयंपाकघराच्या दारातनं एखादी बाई पुढं येते, आणि तिच्या मागनं घरातल्या पोरीही येतात. त्यांना मी कुणाला हाकलू देत नाही. शाळांतनं मला भाषणाला बोलावतात. मी मुलींनो पुढे व्हा वगैरे बोलते आणि पोरी जांभया देतात. माझ्याच भाषणाला मीही दिली असती! गोठ्यात मात्र मी अजून एकाही पोरीला जांभई देताना बघितलेलं नाही.

गेल्या महिन्यात आईला घेऊन इचलकरंजीला एका बारशाला निघाले होते. वाटेतच फोन आला आणि गाडी एका वस्तीवर वळवावी लागली. आई भरजरी पदर खोचून गोठ्यात उभी राहिली. काम झाल्यावर गाडीत बसताना मी म्हटलं, "आई, त्या दिवशी त्या मॅडम आल्या नसत्या तर मला हे सुचलं तरी असतं का गं?"

आईनं खोचलेला पदर सोडून नीट केला. मग म्हणाली, "तुला एकटीलाच सुचलं व्हय? मला बी जायाचं हुतं की. माझं वय गेलतं, म्हणून तुला धाडलं."