काळ्या गाडीची कड

काळ्या रंगाइतका चुगलखोर रंग दुसरा नाही. पांढऱ्या गाडीवर चार दिवसांची धूळ बसली तरी ती बिचारी गप्प राहते. काळी गाडी मात्र उन्हात उभी राहून सगळं सांगते, कोणी पुसली, कशानं पुसली, हात गोल फिरवला की आडवा. हे ज्ञान मला पंचेचाळिसाव्या वर्षी झालं, आणि हौसेनं तर मुळीच नाही.

माझे यजमान गाड्यांना मशीननं पॉलिश करायचे. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरासमोर टिनाचं शेड होतं, तिथंच त्यांचं काम. वीस वर्षांत त्यांच्या हाताचं नाव झालं होतं. पॉलिशची मशीन बॉनेटच्या किंवा मडगार्डच्या कडेवर थांबली की तिथला रंग जळतो आणि खालचं लाल अस्तर उघडं पडतं. भल्याभल्यांच्या हातून हे होतं. यांच्या हातून एकदाही झालं नव्हतं. हे ते स्वतः सांगत नसत, गिऱ्हाईकं सांगत.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. संक्रांत झाली आणि यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला. पाय ओढत चालता यायचं, जीभ जड झाली, पण मला सूचना देण्यापुरती शाबूत राहिली. दोन महिन्यांत गिऱ्हाईकं पांगली. कोणी वाईट बोललं नाही, चौकशी करून जायचे आणि गाडी दुसरीकडे द्यायचे. मुलगी सासरी गेलेली, घरात आम्ही दोघंच. मी ब्लाउज शिवायची, पण ब्लाउजवर घर किती चालणार?

शेवटचे उरले ते वकीलसाहेब. कोट काळा, गाडीही काळी, जुनी अँबॅसिडर. दरवर्षी लग्नसराईच्या आधी ते ती आमच्याकडे धाडायचे. त्यांना झटक्याचं कळलं नव्हतं. सोमवारी सकाळी ड्रायव्हर गाडी घेऊन आला तेव्हा हे खुर्चीत बसले होते, उजव्या हातावर दुपट्टा टाकून. "ठेवून जा," म्हणाले. "इतवारच्या दिवशी साहेबाले पाठव."

ड्रायव्हर गेल्यावर मी विचारलं, "कोण करणार हे?"

"मी सांगतो, तू कर."

"मी?"

"दुसरं कोण आहे वं इथं?"

तोपर्यंत त्या मशीनला मी झाडतानाही हात लावला नव्हता. पण ही गाडी तशीच परत गेली असती, तर 'त्याचा हात गेला' ही बातमी मोहल्ल्याबाहेर, कोर्टापासून बर्डीच्या बाजारापर्यंत पोचली असती आणि शेडला कुलूप लागलं असतं. यांचं काय झालं असतं ते मला खुर्चीतल्या त्या माणसाकडे बघून कळत होतं. म्हणून मी पदर खोचला. हिंमत होती म्हणून नाही, दुसरा इलाजच नव्हता.

सुरुवात धुण्यापासून. आमच्या विहिरीचं पाणी जड, वाळलं की काळ्या रंगावर पांढरे ठिपके सोडतं. त्यामुळे पहाटे नळ आला की पिण्याचं पाणी भरायच्या आधी गाडीच्या सहा बादल्या भरायच्या. शेजारीण बघून म्हणाली, "गाडीले नळाचं पाणी, अन् तुमी विहिरीचं पेता का?" खरंच त्या आठवड्यात आम्ही विहिरीचं प्यायलो. फडकं म्हणून माझं सगळ्यात जुनं, मऊ झालेलं सुती लुगडं फाडलं. ते फाडताना मला फार वाईट वाटलं, आणि यांनी ते किती मऊ आहे हे चुरगाळून पाहिलं, बाकी काही नाही.

मग हे म्हणाले, "बांगड्या काढ. घासतीन रंगाले."

मी सरळ नाही म्हटलं. ज्या बाईचा नवरा तीन महिन्यांपूर्वी मरता मरता वाचला, तिनं हातानं बांगड्या उतरवायच्या? काचेच्या दोन आणि लाखेची एक, एवढ्याच तर होत्या. हे चिडले, "मी जिता बसलो ना समोर." मी म्हटलं, "बसा जिते, मी नाही काढत." शेवटी लुगड्याची पट्टी दोन्ही मनगटांवर बांगड्यांभोवती गुंडाळून गाठ मारली. यांना ते पटलं नव्हतं, पण एका हाताच्या माणसाचं भांडण लवकर संपतं.

पहिल्या दिवशी मी कंपाउंडची, म्हणजे रंग घासायच्या मलमाची, लगदी बॉनेटवर ठेवली आणि मशीन चालू केली. अर्धी लगदी भिंतीवर, पाव दोरीवरच्या कपड्यांवर आणि उरलेली यांच्या चष्म्यावर उडाली. "आधी मशीनच्या गादीनं पसरवायची, मंग बटन," ते चष्मा न पुसताच म्हणाले. हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? शिकवणाऱ्यांची ही एक जात असते, चूक झाल्याशिवाय त्यांना धडा आठवत नाही.

मशीन जड. दोन हातांनी धरली तरी आपल्याला ओढून नेते. मी माझ्या सवयीनं जोर लावला. आयुष्यभर राखेनं पातेली घासलेली बाई, जोर लावल्याशिवाय काही चकाकतं यावर माझा विश्वासच नव्हता.

"दाबून काहून राहिली? खरकटं भांडं आहे का ते?"

"मग काय करू?"

"काही करू नको. तिचं वजन तिले आहे. तू फक्त सपाट धर."

काही न करणं हे सगळ्यात दमवणारं काम आहे, हे मी तेव्हा शिकले. एका परातीएवढी जागा घ्यायची, आडवं दोनदा, उभं दोनदा, थांबायचं, पुसायचं, खाली वाकून तिरप्या उजेडात बघायचं. बारीक ओरखड्यांचं जाळं दिसलं की परत. माझ्या डोळ्यांना ते आधी दिसतच नव्हतं. यांना खुर्चीतून दिसायचं. कधी तर ते गाडीकडे पाठ करून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून ओळखायचे, मशीनचा सूर दबला की ओरडायचे, "हात जड झाला!" मला तेव्हा त्यांचा राग यायचा आणि त्यांच्या कानाचं कौतुकही वाटायचं, दोन्ही एकदम.

काम सकाळी साडेपाच ते नऊ एवढंच. त्यानंतर पत्रा तापायचा, कंपाउंड लावल्या जागी वाळायचं, आणि मोहल्ल्यातले कूलर सुरू झाले की वीज कमी पडून मशीन रडल्यासारखी फिरायची. नऊनंतर मी स्वयंपाक, यांची आंघोळ, ब्लाउज. दुपारी शिवताना डुलकी यायची. एका बाईच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

गुरुवारपर्यंत टप, दारं आणि डिकी झाली. खरं सांगते, डिकीत मला माझा चेहरा दिसला तेव्हा मी आनंदले नाही. मनात आलं, केवढी दमलेली दिसते ही बाई.

शुक्रवारी डाव्या मडगार्डवर मशीन फिरत होती. मनगटावरच्या पट्टीची गाठ घामानं सैल झाली होती, मला कळलं नाही. पट्टीचं टोक गादीत ओढलं गेलं, मशीननं हिसका दिला आणि मडगार्डच्या कडेवर जाऊन ती तिथंच गरगरली. मी बटन बंद करेपर्यंत एक वास आला. पुसून बघितलं, करंगळीच्या नखाएवढी जागा लाल.

हे उठले. पाय ओढत आले, वाकले, डाव्या बोटानं ती जागा चाचपली. मग बोट दुपट्ट्याला पुसलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काजळ लावू का?" मी विचारलं. आता हसू येतं, तेव्हा मी मनापासून विचारलं होतं.

"पहिल्या पाण्यात उतरीन. अन् लपवाचं नाही. वीस वर्षांत लपवलं नाही."

"लपवायला होतं तरी काय तुमच्याकडे?" मी ओरडले. "तुमच्या हातून कधी झालंच नाही ना!"

मग मी खाली जमिनीवर बसले आणि रडले. मग उठले, पट्ट्या सोडल्या, तिन्ही बांगड्या उतरवून देवळीत ठेवल्या. हात इतके उघडे वाटले की मला त्यांच्याकडे बघवेना. बॉनेट अजून बाकी होतं. शनिवारी दुपारी, पत्रा तापलेला असतानाही, शेडमध्ये ओलं पोतं टांगून मी ते संपवलं. शेवटचं मेण हातानं लावलं, गोल नाही, सरळ, समोरून मागे. हेच त्यांचं सांगणं होतं.

रविवारी सकाळी वकीलसाहेब स्वतः आले. मी दारात उभी, हे खुर्चीत, हातावर दुपट्टा. साहेबांनी गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. बॉनेटमध्ये बघून त्यांनी केस सारखे केले. मला वाटलं, झालं, निघाले. तेवढ्यात त्यांचं बोट डाव्या मडगार्डवर थांबलं.

"हे काय?"

मी बोलायला तोंड उघडलं. रात्रभर वाक्य जुळवून ठेवलं होतं, साहेब, चूक माझी आहे, यांनी नाही केलं. पण हे माझ्या आधी बोलले.

"ते माह्यं आहे साहेब." आणि डाव्या हातानं दुपट्टा बाजूला केला. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला होता. "लकवा झाला मले. सारी गाडी हिनं केली, एकटीनं. मले राहवलं नाही, म्हटलं डाव्यानं एक हात मारून पाहू. कडेवर गेली मशीन."

वकीलसाहेब त्या हाताकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या काळ्या झालेल्या नखांकडे. हा माणूस रोज खोट्या साक्षी ऐकतो, मला वाटलं, आता उलटतपासणी घेणार. त्यांनी घेतली नाही.

"पूर्ण गाडी बाईंनी केली?"

"पूर्ण."

"माझ्या भावाची पण काळीच आहे. बाईंना जमेल?"

"जमते," हे म्हणाले. मला कोणी विचारलं नाही.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी मी यांच्याकडे वळले. राग अनावर झाला होता. आठवडाभर मी ज्या नावासाठी मेले होते, ते त्यांनी एका वाक्यात मातीत घातलं होतं. आता सगळीकडे होणार होतं, शेवटी त्यानंही कड जाळलीच.

"काहून खोटं बोलले तुम्ही?"

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "माह्यं नाव वीस वर्षांचं आहे. एक डाग खपते त्याले. तसंबी आता त्याचं मी काय करू? तुयं तर आजच सुरू झालं. पहिल्याच गाडीले तुया नावानं डाग लागला असता, तर दुसरी कोण देईन तुले?"

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि या माणसानं मला कधी साडीसुद्धा स्वतः निवडून आणली नव्हती. त्यानं आपल्याजवळचं एकुलतं एक काढून मला दिलं होतं, आणि ते मी मागितलं नव्हतं. मला ते हवं होतं की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. खांद्यापासून बोटांपर्यंत दोन्ही हात ठणकत होते, आणि त्यांच्या एवढ्या मोठ्या बोलण्यातून माझ्या कानात राहिली ती फक्त दुसरी गाडी.

मी त्यांच्या खुर्चीजवळ भुईवर बसले.

"भावाची गाडी कधी येणार आहे?"

"गाडीत बसता बसता उद्या म्हणून राहिले होते."

"उद्या नाही," मी म्हटलं. "गुरुवारी पाठवायला सांगा. उद्या मी झोपणार आहे."

त्यांनी मान हलवली. वीस वर्षांत त्यांनी कुठल्या गिऱ्हाइकाला तीन दिवस थांबवलं नव्हतं. "बरं," म्हणाले, "सांगतो तसं."