एक नळी, दोन चाप

"थांबा हो, आधी हुंगू दे."

ओटीवरून हे शब्द आले की मी टाइपरायटरवरचे हात काढून घेत असे. बंदूक हुंगताना काकांना दुसरा आवाज चालत नसे.

माझे वडील रत्नागिरीत वकिली करीत आणि त्यांचा टपालव्यवहार मी टाइप करीत असे. बंदुकीचा मालक वारला की परवान्याचं काम आमच्याकडे येई. घरच्यांना ती विकायची असली तर किंमत ठरवावी लागे, आणि ती ठरवणारा माणूस गावात एकच. सगळे त्यांना शिकारीकाका म्हणत. काका पूर्वी साहेबांच्या शिकारीच्या तळावर कारकून होते. वाघ साहेब मारीत, काका तंबूच्या खुंट्या मोजून घेत. पुढे साहेब गेले, खुंट्याही गेल्या, अधिकार तेवढा मागे राहिला. भाजी आणायलासुद्धा काका शिकारी टोपी घालून निघत. वांग्यांनी अचानक हल्ला केला तर तयारी असावी म्हणून असेल.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी नळीचा वास. मग नखाने टिचकी. मग आत हाक, "बेबी, जरा बाहेर ये. माझा चष्मा घरी राहिलाय." चष्मा त्यांच्या कपाळावर असे. मी नळीवरची अक्षरं बघायला वाकले की ते विचारीत, "लंडन दिसतंय?"

"नाही."

"बर्मिंगहॅम?"

"नाही."

"संपलं. हत्याराला कूळ लागतं, बेबी."

तिसरा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. जगात बंदुका करणारी गावं दोनच, बाकी सगळीकडे विळे-कोयते. मग खांद्यावरचा पंचा काढून ते गिऱ्हाइकाच्या हातावर टाकीत आणि बैलबाजारातल्या दलालासारखी पंच्याखाली त्याची बोटं दाबून भाव सांगत. वकिलाच्या ओटीवर, भर दुपारी, कुणापासून काय लपवायचं होतं देव जाणे. पण एकदा बोटं दाबली की तो भाव गावभर पक्का. काकांनी नाकारलेल्या बंदुकीला मग दुसरं कुणी हात लावीत नसे.

"ठाऊक नाही" हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. एकदा एका जुन्या ठासणीच्या बंदुकीचा दीर्घ श्वास घेऊन ते म्हणाले, "जर्मन दारू. कडवट वास येतो." मालकाने बंदूक उलटी केली तर मेथीचं बी ओटीवर सांडलं. उंदरांपासून वाचवायला त्याच्या बायकोने नळीत भरून ठेवलं होतं. काका शांतपणे म्हणाले, "घालतात ते कधीकधी दारूत."

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. त्याला हसावं तर तो आपला असतो, आणि हसू नये तर जमत नाही.

मला तर मुळीच हसवत नसे. मी मुंबईहून कॉन्व्हेंटमध्ये शिकून आलेली, आणि स्वभावाने अबोल. गावात ज्याला त्याला मला बोलकं करायचं होतं. "इंग्रजीतून काहीतरी बोलून दाखव की गो," म्हणून बायका मला घेरीत, जशी काही मी पाळलेली मैना. काकांनी मात्र मला कधी बोल म्हटलं नाही. माझं एका शब्दाचं उत्तर त्यांना पुरत असे. जाताना टाइपरायटरजवळ मूठभर काजूगर ठेवून जात, तेही न बोलता. काका आता नाहीत, म्हणून एवढं तरी लिहवतं आहे.

मांडवीच्या हमीदाभाभींनी बंदूक आणली तो दिवस मला लख्ख आठवतो. त्यांचे यजमान आगबोटीवर खलाशांचे सारंग होते. कुठल्याशा परदेशी बंदरात त्यांनी ती शिकारी रायफल घेतली होती. ते वारले, आणि घरचा मासेमारीचा मचवा वाळूवर उलटा पडून राहिला. रायफल चांगल्या भावाने गेली तरच मचव्याच्या फळ्या बदलता येणार होत्या. नाहीतर आणखी एका पावसाळ्यात तो सरपणालाच गेला असता. घ्यायला आले होते हातखंब्याकडचे एक बागायतदार. बागेत रानडुकरं फार झाली होती.

अर्जात वर्णन लिहायचं म्हणून मी सकाळीच ती रायफल पाहिली होती. नळी एक, पण चाप दोन, एकामागे एक. नळीवर व्हिएन्नाचं नाव होतं, तिथल्या लोकांच्या स्पेलिंगमध्ये. आमच्या शाळेतल्या एका ननच्या ट्रंकेवर मी ते नाव रोज वाचलेलं. भाभींनीच मला दाखवलं होतं. "ते मागला चाप आधी ओढीत. मग पुढल्याला नुसतं बोट लावीत." मी रिकामी रायफल तशी चालवून पाहिली. मागचा चाप ओढल्यावर आत कुठेतरी बारीक टक् झालं, आणि पुढचा चाप नुसता स्पर्श होताच सुटला. नेम हलू नये म्हणून केलेली ती करामत होती.

दुपारी काकांनी हुंगलं, टिचकी मारली, मला हाक मारली. लंडन नव्हतं. बर्मिंगहॅम नव्हतं. मी परत उंबऱ्याआड जाऊन उभी राहिले.

मग त्यांनी घोडा चढवून पुढचा चाप ओढला. "जड आहे." त्यानंतर मागचा ओढला. घोडा आधीच पडलेला, त्यामुळे काहीच झालं नाही. "आणि हा मेलेला. नळी एक आणि चाप दोन. कुणा लोहाराने दुनळीचा चाप काढून इथे शोभेला टांगलाय. भंगार."

बागायतदार वडिलांकडे बघून हसले. "भंगार तर भंगार, डुकरांना काय कळतंय?"

"काका, तसं नव्हे हो," भाभी म्हणाल्या. "ते मागला आधी..."

"भाभी, शिकारीतलं बायकांनी सांगू नये."

भाभींनी पदर सारखा केला आणि दाराकडे पाहिलं. वडील कागद चाळत होते. वकिलाला बंदुकीतलं कळत नसतं आणि काकांपुढे तोंड उघडायचं नसतं, हा आमच्या घरचा कायदा.

काकांनी खांद्यावरचा पंचा काढला. बागायतदारांनी हात पुढे केला. पंचा पडला आणि त्याखाली काकांची बोटं गिऱ्हाइकाची बोटं चाचपू लागली. दुसऱ्या हाताने त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मला वाटलं, काका चुकले असं आत्ता म्हटलं तर ते उद्यापासून टोपी घालणार नाहीत. आणि मी गप्प राहिले तर मचवा जाईल.

मी उंबऱ्याबाहेर आले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काका, मागचा चाप आधी ओढून बघायचा राहिला तुमचा."