कागद वाळला का?

"डोळे मिटा, आणि मी कुठं टेकवतो ते सांगा," यवतमाळच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. त्यांच्या हातात कापसाची वात होती. मी डोळे मिटून वाट बघत बसलो. शेवटी मीच विचारलं, "सुरू करताय ना?"

"झालंसुद्धा, मास्तर."

मग त्यांनी सांगितलं. लेप्रसी, म्हणजे ज्याला आपण महारोग म्हणतो तो. उजव्या कोपरामागची अल्नर नर्व्ह, म्हणजे करंगळीकडे जाणारी शीर, दोरीसारखी जाड झाली होती. मला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. खिडकीबाहेर एक बाई बाळाला केळं भरवत होती, तिच्याकडे बघत राहिलो.

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. मी घाटंजीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. नैरोबीला रेल्वेत असलेल्या मावसभावानं एक चित्रांचं पुस्तक पाठवलं होतं. त्यात जिराफ होते, हत्ती होते, आणि फार फार पूर्वीच्या माणसांनी खडकांवर गेरूनं काढलेली हरणं होती. त्या पुस्तकानं मला पार वेडं केलं. झरी जामणीच्या सागवानात मी जलरंगानं जिराफ उभे करायचो. माझी बायको सुमित्रा म्हणायची, "या उंटाची मान कोनं ओढली जी? आपल्या इकडची रोही कमी पडली का तुम्हाले?" रोही म्हणजे आमच्याकडची नीलगाय.

जलरंगात पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. मी बोटाची पाठ कागदाला टेकवून बघायचो. गार लागला तर ओला. त्या वर्षी कागद गारच लागेना. मी खुशाल हत्ती काढायला घ्यायचो आणि हत्ती आभाळभर पसरायचा. कागदवाल्याच्या नावानं बोटं मोडली, नागपूरहून दुसरा कागद आणवला. तोही तसलाच! बोटावर संशय घ्यावा, हे काही सुचलं नाही.

एकदा कंदिलाची काच सारखी करत होतो, तर सुमित्रा किंचाळली, "अहो, हात पोयला तुमचा! कयत नाई का?" करंगळीवर टपोरा फोड आला होता. दुसऱ्या दिवशी तिनंच मला यवतमाळच्या मोटारीत बसवलं.

दवाखान्यात स्मिअर घेतला, म्हणजे कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काचेवर नमुना. जंतू सापडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यापासून कोणाला लागायचं नाही. डॅप्सोनच्या गोळ्या नेमानं घ्या, रोग जाईल. गेलेली जाणीव परत येईल असं मात्र मी म्हणणार नाही."

"आणि ब्रश?"

"धरता येईल. बोटाला कळणार नाही."

शाळेनं रजेवर पाठवलं. केळापूरहून सासूबाई लेकीला न्यायला आल्या. सुमित्रा म्हणाली, "मी कायले येऊ? डॉक्टरनं सांगतलं ना, लागत नाई म्हून." त्या एकट्याच परतल्या. तिच्या धीराचं कौतुक वाटायला हवं होतं. मला काहीच वाटलं नाही. मी माझं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला, रंगाची पेटी फडताळात टाकली. गोळी घ्यायची, झोपायचं. दिवस जात होते.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला अंगावर बधिर चट्टा दिसला किंवा माझ्यासारखी बोटं बधिर वाटली, तर लपवू नका. लगेच दाखवा. मी उशीर केला, म्हणून सांगतो.

दिवाळीच्या तोंडावर सुमित्रा ओट्याला गेरू लावत होती. तो लाल रंग बघून मला राहवेना. पेटी काढली, कागदावर वाळल्या गवताचा पिवळा हात दिला आणि तसाच बसलो. आता पुढं कसं जायचं? डाव्या हाताच्या बोटांवरही माझा भरवसा उरला नव्हता. वाळला की नाही, मला कोण सांगणार?

ती आत आली. हात धड पुसलेलाही नव्हता. तिनं बोटाची पाठ कागदाला टेकवली.

"माझ्या वस्तूला हात लावू नको!" मी ओरडलो.

"थांबा जी. ओलं हाय अजून."

गवतात तिच्या बोटाचा गेरूचा डाग उमटला. तो मी पुसला नाही. वाळल्याचं तिनंच सांगितलं, तेव्हा त्या डागाला चार पाय आणि दोन शिंगं काढली. खडकावरच्या हरणासारखं हरीण झालं. इतक्या महिन्यांत तेव्हा कुठं मला रडू आलं.

रोग गेला. बोटं अजून बधिरच आहेत. पहिला हात दिला, की मी घरात हाक मारतो, "सुमित्रा, वाळलं का वं?"