मोठ्या आईचा दह्याचा केक

घरात एकाला पथ्य लागलं की पदार्थ बदलतात, भांडी बदलतात, जेवणाच्या वेळा बदलतात. पण हे सगळं बदलणाऱ्या बाईला 'तुझी तब्येत कशी आहे?' असं तुम्ही शेवटचं कधी विचारलं होतं? मी विचारलं नव्हतं. म्हणून या पुरवणीत हे लिहिते आहे.

सात आठवड्यांपूर्वी सकाळी नऊच्या सुमारास जवाहरनगरहून मोठ्या बाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा, फोन आला. "पोरी, तुझी मोठी आई उठूनच नाही राहिली..." एवढंच बोलले. मी सानगडीहून पोचले तोवर त्यांच्या कारखान्याच्या क्वार्टरसमोर चपलांचा ढीग पडला होता. आत, ओट्यावरच्या खिळ्याला दही फडक्यात बांधून टांगलेलं होतं. शेजारच्या आजोबांच्या वाढदिवसाचा केक त्या दिवशी व्हायचा होता.

काही वर्षांपूर्वी मोठ्या बाबांच्या हृदयात स्टेंट बसवला आणि डॉक्टरांनी लोणी-तूप बंद केलं. केक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मोठ्या आईनं लोण्याऐवजी तेवढंच ताजं, पातळ दही ओतून पहिला केक केला. तो कुकरमधून निघाला मधोमध गिचका, ओलाच.

"हा केक होय का आंबील?" मोठे बाबा म्हणाले.

"गुपचूप खा. तुमच्यासाठीच मरून राहिली मी."

आम्ही सगळे हसलो होतो...

मग ती शिकली. दह्याचं पाणी निथळू द्यायचं, लोण्याच्या निम्मंच दही घ्यायचं, जोडीला दोन चमचे तेल आणि चिमूटभर सोडा. मैदा पडल्यावर मात्र हात आवरायचा, नाहीतर केक चिवट होतो. हळूहळू क्वार्टरच्या अख्ख्या लाईनीत ज्याला बीपी, ज्याला हृदयाचा त्रास, त्याच्या वाढदिवसाला हिचाच केक जाऊ लागला. शिट्टी आणि रबर काढलेल्या कुकरमध्ये, खाली मिठाचा थर घालून भाजलेला. स्वतः ती कडेचा, जरा करपलेला तुकडा खायची.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील छापायचे, मी वाटायचे. शेवटच्या भेटीत बायकांच्या घरकामावर लिहिलेलं नवं पत्रक घेऊन गेले होते. मोठी आई मांडीवरचा स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, डाव्या हातानं धरून दही-साखर फेटत होती. "वाच मले," म्हणाली. मी तावातावानं वाचू लागले, की घरातल्या बाईच्या कष्टांना सुट्टी नाही, तिच्या दुखण्याला रजा नाही. मधेच ती थांबली आणि डावा खांदा दाबू लागली.

"काय झालं?"

"काई नाही. हात भरून येऊन राहिला. गॅस असन. ओवा खाल्ला मी. तू थांबली काहून?"

आणि मी वाचलं! शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तिच्या मांडीवरचा गंज आपल्याकडे घ्यावा, एवढंही मला सुचलं नाही. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मस्त लिहिलं व बाई. पण बायका हे वाचतीन कवा? अन् माणसं वाचतीन कायले?"

चार दिवसांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, बायकांना हृदयविकाराच्या झटक्याआधी छातीतच कळ येईल असं नसतं; खांदा, हात, पाठ दुखते, अपचन झाल्यासारखं वाटतं. महिनाभर ती हेच तर सांगत होती. आम्ही ओव्याची बरणी पुढे करत होतो.

तेरवीनंतर मोठे बाबा बीपीचं यंत्र घेऊन बसले होते. रोज सकाळी तीच त्यांच्या दंडाला पट्टा बांधायची. त्या यंत्रात जुनी मापं तारीख-वेळेसह साठून राहतात. बटण दाबत दाबत ते मागे जात होते.

"काय पाहून राहिले?" मी विचारलं.

"एकदा तरी तिनं सोताले लावलं का, ते."

शेवटचं माप आलं. रोज सकाळचं एकेक, सगळी त्यांचीच होती.

ही पुरवणी आता बाजूला ठेवा. घरात बीपीचं यंत्र असेल तर आज स्वयंपाकघरातल्या बाईच्या दंडाला पट्टा बांधा. ती म्हणेल, "मले काय झालं? गॅस आहे." तिचं ऐकू नका. हातातलं भांडं काढून घ्या आणि तिला दवाखान्यात न्या. केक उद्या झाला तरी चालतो.