येळवशीच्या दिवशीचा अपडेट

जळकोटच्या शिवारात आमच्या लातूरच्या कंपनीनं जमिनीतली ओल मोजणारे डबे खांबांवर बसवले आहेत. त्यांच्यात नवं सॉफ्टवेअर घालायचं ते रेडिओवरून, आणि रेडिओ जागा राहिला की बॅटरी भराभर उतरते. म्हणून मी सुचवलं, अख्खा प्रोग्रॅम न पाठवता बदललेला तुकडा तेवढाच पाठवू. एका डब्यानं तो घ्यावा, पुढच्याला द्यावा आणि झोपावं.

आईला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाली, "लग्नाच्या आवतनासारखंच की. येळ बदलली यवढंच सांगायचं, अन् शेजारणीला म्हणायचं, पुढं सांग. याचा पगार देतेत व्हय तुला?"

आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. हिनंच हट्टानं मला बिलोलीहून नांदेडला इंजिनिअरिंगला धाडलं. तिचे टोमणे मी आनंदानं ऐकते.

साहेबांनी परवानगी दिली, पण बजावून. "बॅटऱ्या बसल्या तर उभ्या हरभऱ्यातून डबे तूच काढायचे. आणि पुन्हा असलं काही सुचवायचं नाही."

मी दिवस निवडला येळवशीचा, म्हणजे वेळ अमावास्येचा. त्या दिवशी लातूर ओस पडतं, म्हणजे ऑफिसात स्क्रीनकडं कुणी बघणार नाही. ओस पडून सगळे जातात कुठं, हे काही डोक्यात आलं नाही. सगळे जातात शेतात, पूजेला आणि जेवायला. म्हणजे डब्यांपाशीच.

जळकोटच्या एसटी स्टँडसमोर चहाच्या हॉटेलात लॅपटॉप उघडला. सुरुवातीच्या डब्यांनी तुकडा घेतला. मधला एक गप्प झाला. त्याच्या पुढचे सगळे वाट बघत जागे, बॅटरी खात बसलेले. मी स्कूटी काढली.

त्या खांबाला आंबिलीची भली मोठी स्टीलची घागर टांगली होती. अँटेना तिच्यामागं गडप. डब्याला हळदी-कुंकूही वाहिलेलं.

"आजोबा, घागर काढता का? डब्याला ऐकू येईना."

"त्याला बी कान हायत व्हय?" कडब्याच्या कोपीपुढं बसलेले आजोबा हसले. "पूजा झाल्याबिगर आंबिलीला हात न्हाई लावायचा, पोरी."

"तोवर पुढच्या डब्यांची बॅटरी बसंल हो!"

कोपीतून आजी ओरडल्या, "अवं, मग उरका की पूजा! लेकरू रडकुंडीला आलंय."

पूजा उरकली. आता शिवारभर आंबील शिंपडायची. आजींनी घागर उतरवून थेट माझ्या कमरेवर दिली. "घे. 'ओलगे ओलगे' म्हणत फीर. लाजायचं न्हाई."

मी कडुलिंबाच्या डहाळीनं आंबील उडवत निघाले. पलीकडच्या बांधावर पोचले, तेव्हा डब्यांच्या मेसेजनी खिशातला फोन वाजायला लागला. मधला डबा बोलला. मग पुढचा, त्याच्या पुढचा. शेवटचाही तुकडा घेऊन झोपी गेला.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "झालं?"

"झालं, सर. बॅटऱ्या शाबूत आहेत."

"आणि हा गलका कसला?"

"येळवशीची भज्जी वाढायलेत, सर. सगळ्या शेंगा-भाज्यांची."

"माझ्यासाठी बांधून आण," साहेब म्हणाले. "आणि उदगीरकडच्या डब्यांचं कधी करतेस?"